कुणी किती खाल्लं, कुणी किती राबलं



आपल्याकडे एखादं माणूस खातच सुटलं, पोट भरलं तरी थांबेना, की म्हातारी माणसं म्हणतात, "याला भस्म्या झाला." आयुर्वेदात भस्मक नावाचा विकार सांगितला आहे, त्यावरून हा शब्द बोलण्यात आला. पण एक गंमत बघा. असं खाणारा पुरुष असेल तर भस्म्या म्हणतात. बाई असेल तर शब्द बदलतो. ती हावरट, अधाशी, वखवखलेली. त्याचा आजार आणि तिचा मात्र स्वभाव!

माणूस किती खातो आणि राबण्यात किती खर्च करतो, हे मोजायचा खटाटोप दीडशे वर्षं चालू आहे. त्यातला बराचसा आपल्या महाराष्ट्रात झाला. आज त्याचा इतिहास सांगते. आपल्या गटाची वही असते ना, एका बाजूला जमा आणि एका बाजूला खर्च, तशीच ही शरीराची वही. ती कुणी लिहिली, त्यात कुणाची नोंद राहून गेली, आणि आवर सुटून खाणाऱ्या माणसाबद्दल त्यातून काय कळलं, ते पाहू.

आधी एक शब्द समजून घेऊ. अन्नातून मिळणारी ताकद उष्मांकात मोजतात. इंग्रजीतला शब्द कॅलरी, तोही आता सगळ्यांच्या कानावर आहे. शंभर ग्रॅम ज्वारीत साधारण ३३० ते ३५० उष्मांक असतात. भाकर थापणाऱ्या बाईला एका भाकरीला पीठ किती लागतं ते माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक, तेव्हा पुढचा हिशेब तुमचा तुम्ही करा.

सुरुवात १८७६ ते १८७८ च्या दुष्काळापासून करते. तेव्हा आपला बुलढाणा वऱ्हाडात, आणि वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांनी घेतलेला. त्या दुष्काळाचा मोठा घाव दख्खनवर, पुणे-सोलापूरकडच्या भागावर, आणि खाली मद्रास इलाख्यावर बसला. वऱ्हाडावर तशी पाळी पुढे १८९९-१९०० साली आली. सरकारने दुष्काळी कामं काढली. माती वाहायची, खडी फोडायची. खर्च फार होतो म्हणून जानेवारी १८७७ मध्ये सर रिचर्ड टेंपल या बड्या अधिकाऱ्याला पाहणीसाठी पाठवलं. त्याने मजुरी कमी केली. दिवसभर राबणाऱ्या पुरुषाला एक पौंड धान्याचे पैसे आणि वर एक आणा. पौंड म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम. बाईला आणि कामावरच्या पोराला त्याहूनही कमी.

साडेचारशे ग्रॅम धान्याचे उष्मांक होतात साधारण दीड हजार. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मद्रासचे आरोग्य अधिकारी डॉ. विल्यम कॉर्निश यांनी उघड विरोध केला. एवढ्या अन्नावर माणूस काम करू शकत नाही, त्याचं शरीर झिजत जातं, हे त्यांचं म्हणणं. तुरुंगातल्या कैद्यालाही याहून जास्त मिळतं, हा मुद्दा तेव्हाच पुढे आला. आपल्याकडे मुंबई इलाख्यात तर हजारो मजूर कामं सोडून निघून गेले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, ज्यांना सार्वजनिक काका म्हणत, त्यांच्या सभेने, मजुरांची बाजू घेऊन सरकारला लिहिलं. मद्रासमध्ये काही महिन्यांत दर वाढवावा लागला.

बाईला कमी का, हा प्रश्न मात्र या भांडणात मागेच राहिला. तिची टोपली हलकी होती म्हणून का? खडी फोडणारी बाई संध्याकाळी घरी जाऊन, किंवा छावणीत तीन दगडांवर, चूलही पेटवत होती. तो खर्च कुणाच्या वहीत नव्हता.

१९७२ चा दुष्काळ तर आपल्या घरातल्या सासवांनी आणि आज्यांनी पाहिलेला आहे. कामावर मिळणारी सुकडी आणि रेशनवरची लाल मिलो यांचं नाव काढलं की त्या अजून तोंड वाकडं करतात. रोजगार हमी त्याच दुष्काळातून उभी राहिली. तिथेही खोदलेली माती घनफुटांत मोजली जायची. ती खोदताना अंगातून किती गेलं, हे कोण मोजणार?

खरं तर तेही मोजता येतं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत मिडलटाउन नावाच्या गावात विल्बर अ‍ॅटवॉटर या शास्त्रज्ञाने एक बंद खोली तयार केली. माणसाला काही दिवस तिच्यात ठेवायचं, आत जाणारं अन्न तोलायचं आणि अंगातून बाहेर पडणारी ऊब मोजायची. पिठूळ पदार्थ आणि प्रथिनं यांच्या एका ग्रॅममागे चार उष्मांक आणि तेलातुपाच्या एका ग्रॅममागे नऊ, हा हिशेब त्याच्याच कामातून आलेला आहे. आज बिस्किटाच्या पुड्यावर जे आकडे छापतात त्यांचं मूळ तिथे आहे.

आता पुन्हा पुण्याला येऊ, कारण या विषयावरचं देशातलं मोठं भांडण दोन मराठी माणसांत झालं आणि दोघंही सातारा जिल्ह्यातले. एक वि. म. दांडेकर, गोखले अर्थशास्त्र संस्थेचे. त्यांनी आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातल्या गरिबीवर अभ्यास प्रसिद्ध केला. माणशी रोज २२५० उष्मांक मिळायला हवेत, आणि तेवढं अन्न ज्या खर्चात घरात येतं त्या खर्चाच्या खाली असलेला माणूस गरीब, असं त्यांनी धरलं. १९६०-६१ च्या भावाने तो खर्च खेड्यात माणशी महिना १५ रुपये निघाला आणि शहरात साडेबावीस. या मापाने खेड्यातली सुमारे ४० टक्के माणसं रेषेखाली होती. आपण आज दारिद्र्यरेषा म्हणतो, बीपीएलचं कार्ड म्हणतो, त्या विचारात उष्मांक असा आला.

दुसरे पां. वा. सुखात्मे, बुध गावचे. मोठे संख्याशास्त्रज्ञ. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत, रोमला, जवळपास दोन दशकं होते आणि मग पुण्याला परत आले. त्यांचं म्हणणं असं की एकाच माणसाची गरज रोज सारखी नसते. आज कमी, उद्या जास्त. कमी मिळालं तर शरीर एका हद्दीपर्यंत कमी खर्चात भागवून घेतं. म्हणून २२५० च्या खाली दिसणारा प्रत्येक जण उपाशी आहे असं म्हणता येत नाही. अमेरिकेतले डॉ. शेल्डन मार्गेन यांच्याबरोबर त्यांनी हा विचार मांडला. नुसतं धान्य वाढवून चालणार नाही, पाणी स्वच्छ हवं, नाहीतर खाल्लेलं जुलाबावाटे जातं, हेही ते सांगत. ते तर आपल्याला पटण्यासारखंच आहे.

दांडेकरांनी त्यांना उत्तर दिलं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं काम पाहिलेले डॉ. सी. गोपालन यांनीही विरोध केला. शरीर कमी खर्चात भागवतं म्हणजे नेमकं काय करतं, असा त्यांचा सवाल होता. उंची खुंटते, काम कमी होतं, मूल खेळायचं थांबतं. याला भागवणं म्हणायचं का?

मी बी.ए. झालेली सहयोगिनी. या मोठ्या माणसांच्या गणितात पडायची माझी ऐपत नाही. पण बचत गटाच्या वह्या तपासून तपासून एक सवय लागली आहे. आकडा कुणाच्या नावावर पडला ते मी आधी बघते. दारिद्र्यरेषेसाठी वापरलेल्या पाहण्यांत आकडा घराच्या नावावर असायचा. घरात एवढं धान्य आलं, एवढी माणसं, भागिले केलं. पोषणाच्या पाहण्यांत जरा बारकावा होता. बैठं काम करणारा पुरुष एक धरला तर बैठं काम करणारी बाई ०.८, कष्टाचं काम करणारा पुरुष १.६ आणि कष्टाचं काम करणारी बाई १.२. कागदावर ठीक. पण भांड्यात शेवटी काय उरलं आणि ते कुणाच्या ताटात गेलं, हे भागाकारातून दिसत नाही. सगळ्यांना वाढून झाल्यावर कोरड्यासाचं पातेलं भाकरीच्या तुकड्याने पुसून खाणाऱ्या बाईलाही सरासरीने २२५० मिळालेले असतात!

बाईच्या एकटीच्या नावाने खातं उघडलं ते पुण्याजवळच्या सहा खेड्यांत. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ साली तिथे अभ्यास सुरू केला. लग्न झालेल्या बायांची गरोदरपणाच्या आधीपासून नोंद ठेवायची, दिवस गेले की अठराव्या आणि अठ्ठाविसाव्या आठवड्यात खाणं विचारायचं, काम विचारायचं, आणि बाळ झाल्यावर त्याला तोलायचं. या बाया सरासरी एकवीस वर्षांच्या होत्या आणि त्यांचं वजन होतं बेचाळीस किलोच्या आसपास. अठराव्या आठवड्यात त्या दिवसाला साधारण पावणेअठराशे उष्मांक खात होत्या, आणि अठ्ठाविसाव्या आठवड्यात, पोटातलं बाळ वाढत असताना, त्याहूनही कमी. पोषण संस्थेचं २०२० चं माप सांगते म्हणजे अंतर कळेल. पंचावन्न किलोच्या, मध्यम कष्टाच्या बाईला २१३०, जड कष्टाच्या बाईला २७२०, आणि गरोदर असेल तर वर ३५०. या बाया अंगाने लहान होत्या, म्हणून आकडे सरळ ताडून पाहता येणार नाहीत. तरीही त्या किती तोकड्या खाण्यावर दिवस काढत होत्या ते दिसतं.

त्यांच्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो भरलं. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं साडेतीन किलो. ज्या मातांच्या खाण्यात हिरव्या पालेभाज्या, फळं, दूध जास्त वेळा होतं त्यांची बाळं भरलेली होती. नुसत्या उष्मांकांच्या आकड्याने तेवढा फरक पडलेला दिसला नाही. म्हणजे भाकरीबरोबर काय आहे, यालाही मोल आहे.

मला त्यातला सगळ्यात मोलाचा भाग वाटतो तो कामाच्या नोंदीचा. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या डॉ. शोभा राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या बायांच्या कामाचाही हिशेब मांडला. त्यात शेतातलं काम आलं, पाणी आणणंही आलं आणि घरचं रोजचं कामही आलं. ज्यांचे कष्ट जास्त त्यांची बाळं लहान, असं त्यातून दिसलं. १८७७ च्या मजुरीत न धरलेलं पाणी आणि चूल सव्वाशे वर्षांनी कागदावर आली.

ही झाली जमाखर्चाची गोष्ट. मग भस्म्याचं काय? ज्याचा हातच थांबत नाही, त्याचं खातं कसं वाचायचं? त्यासाठी थोडं मागे, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, अमेरिकेत जावं लागेल.

युरोपात युद्धाने लोक उपाशी होते. त्यांना पुन्हा खाऊ घालायचं तर कसं, हे कळण्यासाठी मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी एक प्रयोग केला. लढायला नकार दिलेले छत्तीस तरुण स्वखुशीने पुढे आले. शरीराने आणि मनाने धडधाकट असलेलेच निवडले होते. नोव्हेंबर १९४४ ला सुरुवात झाली. आधी तीन महिने पोटभर, दिवसाला ३२०० च्या आसपास उष्मांक. मग चोवीस आठवडे उपासमार. बटाटे, सलगम, काळा पाव, मॅकरोनी, दिवसाला दोनच जेवणं. आणि आठवड्याला पस्तीस किलोमीटर चालायचं.

त्या उपासमारीचे उष्मांक किती होते, सांगू? दिवसाला साधारण १५७०. शास्त्रज्ञांनी ज्याला उपासमार म्हटलं तो हा आकडा. टेंपलसाहेबाने राबणाऱ्या पुरुषाला दिलेलं धान्य जवळपास तेवढंच होतं. अमेरिकेतले ते गडी आपल्या माणसांपेक्षा थोराड होते, हे धरूनही मला हा आकडा वाचून गप्प बसवलं नाही.

चोवीस आठवड्यांत त्यांचं वजन चौथ्या हिश्श्याने घटलं. स्वस्थ पडून असतानाचा शरीराचा खर्च सुमारे ४० टक्क्यांनी खाली आला. थंडी वाजायची, पाय जड व्हायचे, चिडचिड व्हायची, कशात मन लागायचं नाही. सुखात्मे म्हणत होते ते शरीराचं भागवून घेणं इथे दिसतं, आणि गोपालन विचारत होते ती त्याची किंमतही दिसते. पण मी हा प्रयोग सांगते आहे तो पुढच्या गोष्टीसाठी. या पुरुषांच्या डोक्यात अन्नाशिवाय काही उरलं नाही. ते स्वयंपाकाची पुस्तकं वाचत बसू लागले. एक जेवण तास-तास पुरवून खात. ताटं चाटून पुसत. काहींचा संयम सुटला, त्यांनी चोरून खाल्लं आणि मग स्वतःचाच राग राग केला. प्रयोग संपून पोटभर खायची मुभा मिळाली तेव्हा काही जण दिवसाला पाच हजार, काही त्याहूनही जास्त उष्मांक खात होते. पोट दुखेपर्यंत खायचे आणि तरी भूक गेली नाही म्हणायचे. कित्येकांची ही वखवख महिनोन्‌महिने राहिली. वजन परत आलं तेव्हा मांसापेक्षा चरबी आधी आली.

ही माणसं प्रयोगाच्या आधी हावरट नव्हती. सहा महिन्यांच्या अर्धपोटी राहण्याने त्यांना तसं केलं.

पुढे १९५९ मध्ये अमेरिकेतले डॉ. अल्बर्ट स्टंकार्ड यांनी काही स्थूल रुग्णांच्या खाण्यात हा प्रकार पाहून नोंदवला. थोड्या वेळात खूप खाणं, आणि थांबणं आपल्या हातात नाही असं वाटणं. २०१३ साली अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या ग्रंथात त्याला स्वतंत्र आजाराचं स्थान मिळालं. तीन महिने, आठवड्यातून निदान एकदा असं होत असेल, भरभर खाल्लं जात असेल, भूक नसताना खाल्लं जात असेल, लाजेने एकटीने लपून खाल्लं जात असेल, नंतर स्वतःची किळस येत असेल, तर तो आजार समजतात. अशा लोकांना प्रयोगशाळेत भरपूर पदार्थ मांडून जेवायला बसवलं. त्यांच्याच वजनाच्या, पण हा त्रास नसलेल्या माणसांपेक्षा त्यांनी जास्त खाल्लं. नेहमीसारखं जेवा असं सांगितलं तरीही जास्तच. म्हणजे हा बहाणा नाही.

खर्च मोजायचीही आता सोपी रीत आहे. एक खास पाणी प्यायला देतात, त्यातला हायड्रोजन आणि ऑक्सिजन नेहमीपेक्षा जड असतो. मग दोनेक आठवडे लघवी तपासून शरीराने किती ताकद खर्चली ते काढतात. कोंडून ठेवायला नको, बाई आपली कामं करत राहते. इंग्लंडमध्ये केंब्रिजला १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असं दिसलं की लठ्ठ बायांचा खर्च सडपातळ बायांपेक्षा जास्त होता. भारी अंग हलवायला जास्त ताकद लागते. जाडी बाई आळशी, हा समज तिथे खोटा ठरला. पण त्यांनी लिहून दिलेलं खाणं मात्र खर्चाच्या मानाने फारच कमी होतं. त्या खोटारड्या होत्या असं मी म्हणणार नाही. उभ्याने खाल्लेला घास, लेकराच्या ताटातलं उरलेलं, लाजेने गिळलेलं, हे आपण तरी कुठे धरतो?

गटाच्या बैठकांत हा विषय सहज निघत नाही. कर्जाचं बोलणं झालं, वह्या मिटल्या, की हळूच कुणीतरी बोलते. एका ताईने सांगितलं ते नाव न घेता सांगते. सकाळी बिनदुधाचा चहा घेऊन निंदायला जाते. गुरुवार, शनिवार, चतुर्थी असा आठवड्यात कधी दोन तर कधी तीन दिवस उपास. बाकीच्या दिवशी सगळ्यांची जेवणं झाल्यावर दहाला जेवते. आणि मग घर झोपलं की उठून डबे उघडते. शेंगदाणे, गूळ, शिळी भाकर, पोरांची बिस्किटं, जे हाती लागेल ते, अंधारात, उभ्याने. सकाळी स्वतःलाच बोल लावते आणि पुन्हा उपास धरते. "मला भस्म्या झाला का हो ताई?" असं तिने विचारलं.

तिला मी त्या छत्तीस पुरुषांची गोष्ट सांगितली. प्रत्येकीचं मूळ उपाशी राहण्यातच असतं असं नाही. काहींना दुःख, घरातला ताण, मारहाण यांतून हे लागतं, काही घराण्यांत ते जास्त दिसतं. शुगर आणि थायरॉइडच्या आजारातही भूक खवळते, तेव्हा आधी ती तपासणी करून घ्यायची. पण दिवसभर पोट मारणं आणि रात्री आवर सुटणं ही जोडी असेल, तर दुसऱ्या दिवसाचा उपास हे त्यावरचं औषध नाही. उपचार करताना डॉक्टर आधी वेळेवर, ठरावीक जेवणं सुरू करायला सांगतात, आणि बोलून करायचे मानसोपचार यात चांगले उपयोगी पडतात. देवाधर्माचा उपास सोडा असं मी कुणाला म्हणत नाही. मात्र रात्री असा त्रास होत असेल तर काही दिवस उपासाची संख्या कमी करायला कुणाची हरकत नसावी, आणि गरोदर किंवा शुगरच्या बाईने तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपास करूच नये.

ज्यांना हे बोलायला जड जातं त्यांच्यासाठी सरकारची टेलिमानस ही फोनसेवा आहे, क्रमांक १४४१६. फोन फुकट आहे, मराठीत बोलता येतं, नाव सांगायची गरज नाही. आशाताईला विचारलं तर सरकारी दवाखान्यात मनाच्या डॉक्टरांचा दिवस कोणता तेही कळेल.

पुढच्या महिन्याच्या बैठकीसाठी एक काम देते. गटाच्या वहीत नको, पोराच्या जुन्या वहीच्या कोऱ्या पानावर सात दिवस लिहा. किती वाजता खाल्लं, काय खाल्लं, बसून की उभ्याने, आणि त्या दिवशी पाणी, सरपण, शेत, चूल यांतलं काय काय केलं. लिहिता येत नसेल तर सूनबाईकडून किंवा लेकीकडून लिहून घ्या. रात्री उठून खाल्लं असेल तर तेही लिहा. पान कुणाला दाखवायचं नसेल तर दाखवू नका, नुसतं घेऊन या.